चार नंबरच्या कॅसेटमधली कानबाई

१४ सप्टेंबर १९९२, सोमवार. धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, संगीताच्या घराच्या ओट्यावर बसून मी कॅसेट तपासत होते. आठ कॅसेट, एक टेपरेकॉर्डर, एक छापील फॉर्म. पहिल्या तीन ठीक निघाल्या. चौथी लावली. माझ्या आवाजात 'लेसन सेवन' ऐकू यायला हवं होतं. त्याऐवजी पंधरा-वीस बायका कानबाई देवीची गाणी म्हणायला लागल्या.

मी कॅसेट काढून पाहिली. लेबल आमचंच. अक्षर माझंच. उलटी करून लावली. दुसऱ्या बाजूलाही कानबाई.

"संगीता," मी म्हणाले, "माझा धडा कुठे गेला?"

संगीता खांबाला टेकून उभी होती. दाराच्या आत चाललेली बायकांची कुजबुज थांबली.

हे प्रकरण नीट कळायला आमची योजना सांगायला हवी. मी जळगावच्या एका शिक्षणसंस्थेच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. खेड्यातल्या मुली दहावीला बहुतेक इंग्रजीतच नापास होतात आणि मग घरीच राहतात. त्यांना घरबसल्या इंग्रजी शिकता यावं म्हणून संस्थेनं चाळीस गावांत केंद्रं काढली. केंद्र म्हणजे एक टेपरेकॉर्डर आणि आठ कॅसेटचा संच. एका कॅसेटवर दोन धडे, एका बाजूला एक. धड्याचा मराठीत अर्थ, अवघड शब्द, मग प्रश्नोत्तरं. मी एक वाक्य म्हणायचं, मग थोडी रिकामी जागा सोडायची, त्या जागेत मुलीनं ते वाक्य पुन्हा म्हणायचं. आवाज माझा घेतला, कारण मी मानधन मागितलं नाही.

रेकॉर्डिंग सेक्रेटरींच्या खोलीत झालं. खिडकीला गादी लावली, पंखा बंद केला. आठव्या धड्याच्या मध्येच आमचे हेडक्लार्क चौधरी दार उघडून आत डोकावले, आणि मी "चौधरी, दार लावा ना!" असं ओरडले. तेही टेप झालं. पुन्हा करायला वेळ नव्हता, कारण उद्घाटनाची तारीख ठरली होती. त्यामुळे 'चौधरी, दार लावा ना' हे वाक्य चाळीस गावांत पोचलं.

उद्घाटनं झाली. टेपरेकॉर्डरला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचं काम माझ्याकडे आलं. बाकीच्या केंद्रांची तपासणी सोपी होती. जामनेरकडच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी संच कपाटातून काढून दाखवला. प्लॅस्टिकचं वेष्टन जसंच्या तसं.

"सर, मुली ऐकतात ना?"

"ऐकतात ना मॅडम. म्हणजे ऐकणार आहेत. उघडलं की वस्तू खराब होते, म्हणून जरा जपून ठेवलंय."

दुसऱ्या एका गावात टेपरेकॉर्डरवर भरतकामाचा रुमाल होता आणि हाराचा सुतळीचा वेढा तसाच होता. कपाटाची किल्ली सरपंचांकडे आणि सरपंच बाजारात. मी खिडकीतून पाहून फॉर्म भरला. 'कॅसेट आठ आहेत काय? होय. सुस्थितीत आहेत काय? होय.' कुठेही गेले की मी सहज विचारत असे, "आठव्या धड्यात काही गंमत आहे, कुणाच्या लक्षात आली का?" मुली एकमेकींकडे बघत. मुख्याध्यापक म्हणत, "सगळाच धडा छान आहे मॅडम."

तर चाळीस केंद्रांतलं हे एकच केंद्र असं निघालं, जिथे कॅसेट खराब झाली होती.

"कुणी केलं हे?" मी पुन्हा विचारलं.

"मीच लाल बटण दाबलं मॅडम," संगीता म्हणाली. टेपरेकॉर्डरवर प्लेचं आणि लाल बटण एकदम दाबलं की जुनं पुसून नवं भरलं जातं, एवढं तिला कळत होतं. म्हणजे चुकून झालेलं नव्हतं.

या मुलीला मार्चमध्ये इंग्रजीत एकतीस गुण पडले होते. चार गुणांनी गेली. बाकी सगळे विषय सुटले होते. ऑक्टोबरची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. धुळ्याला तिची मावशी राहत होती. तिनं नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म आणून ठेवला होता. त्याला दहावी पासचं मार्कशीट लागतं. दुसरीकडे पाचोऱ्याचं एक स्थळ सांगून आलं होतं, त्यांना मार्कशीट नको होतं. वडिलांनी सरळ सांगितलं होतं: ऑक्टोबरला सुटली तर धुळं, नाही सुटली तर पाचोरा. आणि या पोरीनं स्वतःच्या हातानं इंग्रजीचा धडा पुसला होता.

"तुला काही कळतं का? परीक्षा कुणाची आहे, माझी की तुझी?"

तेवढ्यात आतून अक्का बाहेर आल्या. अक्का म्हणजे संगीताची थोरली काकू. साठीच्या, काटक, पदर घट्ट खोचलेला. मागून दोन नव्या सुना, हाताला पीठ.

"बाई, पोरले बोलू नका. मीच सांगं तिले," अक्का म्हणाल्या.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई बसवतात. पाटावर देवी मांडायची, नैवेद्याचे रोट करायचे, गाणी म्हणायची. ही गाणी कुठे लिहिलेली नसतात. या गावात ती सगळीच्या सगळी फक्त अक्कांना येत होती. सुनांना पहिलं कडवं यायचं, मग त्या नुसत्या ओठ हलवायच्या. अक्कांना दम्याचा त्रास सुरू झाला होता.

"पुढला साल मी राहसू का नही, कोन सांगे?" अक्का म्हणाल्या. "संगीता म्हने, अक्का, तू टेपमा म्हन. मंग त्या घर बशीसन शिकतीन."

म्हणजे घरबसल्या शिकण्यासाठी. ही कल्पना आमच्या संस्थेचीच. फक्त आम्हाला ती राबवायला उद्घाटन लागलं होतं.

"कोरी कॅसेट नाही का मिळाली?"

"कानबाईना दिवसे कोठे जाऊत धरणगावले?" अक्कांनी मला उलट विचारलं. एका सुनेनं मध्येच तोंड घातलं, "मॅडम, तुमनापेक्षा अक्काना आवाज मोठा शे. सेल कमी लागतस." सगळ्या हसल्या. ओट्याच्या कडेला टेपरेकॉर्डरचे सहा सेल उन्हात वाळत घातले होते. उतरलेले सेल उन्हात ठेवले की अजून थोडा वेळ चालतात. इतर एकोणचाळीस गावांतले सेल उतरलेच नव्हते. त्यांना कधी ऊन दाखवावं लागलं नाही.

मी हसले नाही. मी म्हणाले, "ठीक आहे. ही कॅसेट मी घेऊन जाते. ऑफिसातून मूळ धडे पुन्हा भरून आणते."

अक्कांचा चेहरा बदलला. त्यांनी माझ्या हातातली कॅसेट काढून घेतली. हिसकावली नाही, पण काढून घेतली.

"बाई, तिनामा आते कानबाई शे. तिले कशी पुसानी?"

"अक्का, ती प्लॅस्टिकची कॅसेट आहे. संस्थेची आहे."

"कानबाईना रोट आम्ही भाऊबंदकीना बाहेर देतस का? नही ना? मंग कॅसेट कशी देऊत? तुमना धडा तुम्ही परत बोली लेशात. मी परत कथाईन येसू?"

कानबाईचा रोट घरातल्या, भाऊबंदकीतल्या माणसांनीच खायचा असतो. बाहेरच्याला देत नाहीत. हा नियम मला माहीत होता, माझ्या सासरीही तोच आहे. तो कॅसेटला लागू होतो हे मला नवीन होतं. पण अक्कांशी यावर वाद घालणं शक्य नव्हतं. माझा धडा मी पुन्हा बोलू शकत होते, हे खरं होतं. अक्का पुन्हा बोलू शकतील याची खात्री अक्कांनाही नव्हती.

मी संगीताकडे वळले. "आणि तुला नेमकी हीच कॅसेट सापडली? चार नंबरची?"

"ती माले पाठ शे," ती पटकन बोलून गेली. मग शाळेतल्या भाषेवर आली. "म्हणजे, माझी पाठ झाली होती मॅडम. एक ते चार पाठ आहेत. पाच ते आठ राहिल्यात, म्हणून त्यांना हात नाही लावला."

पाठ आहे असं मला रोज वर्गात पन्नास मुलं सांगतात. मी म्हणाले, "म्हण. आठवा धडा."

तिनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. माझ्याच चालीत, माझ्याच थांब्यांसकट. अर्थ, शब्द, पहिला प्रश्न, उत्तर. दुसरा प्रश्न. मग तोच सूर न बदलता ती म्हणाली, "चौधरी, दार लावा ना!" आणि तिसऱ्या प्रश्नावर गेली.

मी तिला थांबवलं. पुढचं ऐकायची गरज नव्हती.

निघण्याआधी मी कानबाईची बाजू सुरुवातीपासून एकदा ऐकली. का, ते सांगता येणार नाही, एस.टी.ला वेळ होता असं समजा. सुरुवातीला संगीताचा आवाज आला. "लेसन वन. लिसन अँड रिपीट." मग अक्का एक ओळ म्हणतात. बायका ती ओळ पुन्हा म्हणतात. मग रिकामी जागा, ऐकणारीनं म्हणायला. माझ्या धड्यांत ही जागा मी चार सेकंदांची ठेवली होती. तिनं जवळजवळ दुप्पट ठेवली होती. माझ्या चार सेकंदांत कुणाचंच वाक्य पुरं होत नव्हतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? ऐकणारी एकच होती.

मंगळवारी सकाळी मी सेक्रेटरींच्या खोलीत गेले. त्यांना आम्ही सगळे बापूसाहेब म्हणतो. टेबलावर वार्षिक अहवालाचा कच्चा मसुदा होता. 'चाळीस केंद्रांपैकी चाळीस केंद्रांतील साहित्य सुस्थितीत' हे वाक्य त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. मी गडबड केली.

"एकोणचाळीस," मी म्हणाले, आणि झालेलं सांगितलं.

बापूसाहेबांनी चष्मा काढला. "शैक्षणिक साधनावर देवीची गाणी?"

"हो."

"हा सरळ सरळ गैरवापर आहे मॅडम. शिक्षणात देवधर्म आणायचा नाही, हे आपलं धोरण आहे."

उद्घाटनाला टेपरेकॉर्डरपुढे नारळ त्यांनीच फोडला होता. त्याचा फोटो त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर होता. मी फोटोकडे पाहिलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"संच जप्त करा," ते म्हणाले. "टेपरेकॉर्डर, आठही कॅसेट. केंद्र बंद. आजच जा."

"तीन आठवड्यांवर परीक्षा आहे. मुलीचे निम्मे धडे व्हायचेत."

"तिनं आधी विचार करायला हवा होता. बाकीच्या गावांकडे बघा. एकोणचाळीस गावांत एक तरी कॅसेट खराब झाली का?"

"एकोणचाळीस गावांत वेष्टन फाडलेलं नाही, बापूसाहेब."

"मग! तेच म्हणतोय मी. शिस्त."

मी म्हणाले, "ठीक. जप्तीचा आदेश लेखी द्या. कारणासहित."

"लेखी कशाला?"

"संस्थेचं साहित्य तोंडी हुकमावर कसं उचलू? कारण लिहा, की कॅसेट पुसली गेली. आणि कशी पुसली गेली, तेही लिहावं लागेल."

"कशी म्हणजे?"

मी पर्समधून घरची एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन कोपऱ्यांत दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे असतात. ते तोडून टाकले की लाल बटण दाबलंच जात नाही आणि आतलं कुणाला पुसता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या भरलेल्या कॅसेटमध्ये ते तोडलेलेच असतात. आमच्या कॅसेट ज्या दुकानात भरल्या, तिथल्या माणसानं विचारलंही होतं, "मॅडम, मागचे तुकडे तोडून देऊ ना?" मी हो म्हणणार होते. पण ऑफिसला विचारून सांगते म्हणाले. नोकरीत अशी सवय लागते.

"चौधरी," मी दाराकडे पाहून हाक मारली. "योजनेची फाइल आणता?"

चौधरी फाइल घेऊन आले. फाइल त्यांच्या काखेतच होती. हा माणूस दाराबाहेरून सगळं ऐकतो, हे चाळीस गावांना ऐकवून झालेलं आहे.

फाइलमध्ये एक अर्धा कागद होता. 'कॅसेटचे मागील तुकडे तोडू नयेत. योजना संपल्यावर सदर कॅसेट वार्षिक समारंभातील भाषणे ध्वनिमुद्रित करण्यास वापरता येतील.' खाली बापूसाहेबांची सही.

बापूसाहेबांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला, जसं काही मधल्या वेळात मजकूर बदलणार होता.

"ही भाषणं कुणाची?" चौधरींनी निरागसपणे विचारलं.

"चौधरी, तुम्ही बाहेर जा."

"दार लावू का?"

"लावा!"

दार लागलं. बापूसाहेब थोडा वेळ पेनचं टोपण काढत आणि लावत बसले. मग म्हणाले, "मॅडम, फॉर्ममध्ये प्रश्न नेमका काय आहे?"

"कॅसेट आठ आहेत काय. सुस्थितीत आहेत काय."

"ती कॅसेट चालते का?"

"उत्तम. आवाज स्वच्छ आहे."

"मग होय लिहा ना. एवढं काय त्यात. आणि ते जप्तीचं... परीक्षेनंतर बघू."

परीक्षेनंतर कुणी बघितलं नाही. अहवालात 'चाळीस केंद्रांपैकी चाळीस' हे वाक्य जसंच्या तसं छापलं गेलं, आणि त्यातला शब्दही खोटा नव्हता.

संगीता ऑक्टोबरला बसली. इंग्रजीत सत्तेचाळीस गुण. फार नाहीत. माझ्या वर्गातल्या, समोर बसून शिकलेल्या काही मुलांना याहून कमी पडले, म्हणून मी तो आकडा कुणाला फारसा सांगत नाही. पाचोऱ्याच्या लोकांनी दुसरीकडे जमवलं. संगीता धुळ्याला मावशीकडे गेली आणि नर्स झाली. ड्युटीवर असते तेव्हा पेशंटला औषध सांगून ती थांबते आणि त्याच्याकडून परत म्हणून घेते, असं मावशीनं मला सांगितलं. अक्कांनी पुढचे तीन श्रावण पाहिले. चौथ्या वर्षापासून सुना कॅसेट लावून म्हणायला लागल्या. पाचव्या वर्षी कॅसेट लावावी लागली नाही.

आता १९९९ चालू आहे. संस्थेत कंप्युटर आला आहे. त्याला मापाची टोपी शिवली आहे आणि खोलीत चप्पल काढून जावं लागतं. उद्घाटन झालं. बापूसाहेब म्हणतात, आता इंटरनेटवरून खेड्यातल्या मुलामुलींना घरबसल्या इंग्रजी शिकवायचं. याला ऑनलाइन म्हणतात. त्यासाठी जुन्या योजनेतल्या अनुभवावर काहीतरी लिहून द्या, असं त्यांनी मला सांगितलं. हे लिहून दिलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की साधन किती चांगल्या स्थितीत आहे हे विचारू नये. त्यातलं काय झिजलं, काय पुसलं गेलं, कुणी त्यात आपलं काय भरलं, ते विचारावं. जे वापरात असतं ते आपण दिलं तसं राहत नाही. कंप्युटर आजपर्यंत अगदी सुस्थितीत आहे.

राहिलं त्या बुधवारचं. बापूसाहेबांशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिली एस.टी. पकडून पुन्हा त्या गावात गेले. ओट्यावर बसले, अंबाड्यातला आकडा काढला, आणि पाच ते आठ नंबरच्या कॅसेटचे मागचे तुकडे एकेक करून तोडले, म्हणजे परीक्षेपर्यंत तिथे दुसरी देवी येणार नाही. मग अक्कांकडे हात पुढे केला. त्यांनी जरा विचार करून चार नंबरची कॅसेट माझ्या हातात दिली, पण स्वतःचा हात खाली धरूनच ठेवला. मी तिचेही दोन्ही तुकडे तोडले. आता कानबाईला ना संस्था पुसू शकत होती, ना भाषण.

बाकीच्या एकोणचाळीस गावांतल्या कॅसेटचे तुकडे मी तोडले नाहीत. त्यांना कसलाच धोका नव्हता.